तिसरं उत्तर

ऐनापुरे सरांनी माझ्या टेबलावर वहीचा कागद असा काही आपटला की कपातला चहा हिंदकळून कीबोर्डवर सांडला.

"ह्यात चूक कुठं आहे ते दाखवा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. माझ्यासमोर."

तेव्हा मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, साठीला टेकलेला माणूस. मी कीबोर्ड उलटा धरून फडक्यानं पुसत होते आणि माझं डोकं तापत चाललं होतं. तापायला फार काही लागायचं नाही. आजही लागत नाही, पण आज तोंड उघडायच्या आधी मी निदान एकदा थांबते. थांबायला कुठं शिकले, तेच सांगतेय.

"आधी बसा," मी म्हटलं. "आणि आवाज खाली. हे ऑफिस आहे."

"आवाज खालीच आहे बाई. वर्गात ह्याच्या दुप्पट असतो."

त्यांच्या मागं दारात एक मुलगी उभी होती. अठराची असेल. दोन वेण्या, हातात प्लॅस्टिकची फाइल. आणि तिच्या मागं तिचे वडील, गळ्यात कापड मोजायची टेप तशीच लोंबत असलेली. दुकानातून उठून, टेप काढायचंही भान न राहता, माणूस कवठे महांकाळहून एसटीनं सांगलीला आला होता.

मुलीचं नाव तृप्ती कोष्टी. सर तिच्या कॉलेजात गणित शिकवायचे. भांडण होतं ते एका परीक्षेचं. सांगलीतला एक ट्रस्ट दर वर्षी बारावी झालेली बारा मुलं निवडायचा आणि त्यांचा इंजिनिअरिंगचा चारही वर्षांचा खर्च उचलायचा, होस्टेलसकट. त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, त्यांनी पहिल्यांदाच परीक्षा कॉम्प्युटरवर घेतली. चार पर्यायांतून एक निवडा, असली नव्हे. मुलांनी गणित सोडवायचं, उत्तर टाइप करायचं, आणि कॉम्प्युटर तिथल्या तिथं हिरवा नाहीतर लाल दिवा दाखवणार. तृप्ती तेरावी आली होती. एका प्रश्नानं.

आणि तो हिरवा-लाल ठरवणारा प्रोग्राम माझा होता.

माझा म्हणजे अक्षरशः माझा. विश्रामबागेत पंपाच्या दुकानावर दोन खोल्यांची आमची कंपनी. मगदूम सर मालक, आणि गणिताचं सगळं मी एकटी. दोन वर्षं मी त्या प्रोग्रामवर डोकं फोडलं होतं. आकडेमोड तर कुठलाही कॅल्क्युलेटर करतो. माझा प्रोग्राम अक्षरांचं गणित करायचा. एक्स, साइन एक्स, लॉग एक्स, हे अक्षरांत ठेवूनच बेरजा, गुणाकार, डेरिव्हेटिव्ह. कॉम्प्युटरला त्यातलं ओ की ठो कळत नसतं. त्याला नियम दिलेले असतात, की असं काही दिसलं की त्याजागी तसं लिही. साइन वर्ग अधिक कॉस वर्ग दिसलं, एक लिही. तो आपला नियम लावत जातो, लावत जातो. मुलाच्या उत्तरातून पुस्तकातलं उत्तर वजा करायचं आणि नियम लावत सुटायचं. शेवटी शून्य उरलं तर दोन्ही उत्तरं एकच, भले दिसायला वेगळी असोत. मला त्याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू! कोणी नुसतं "छान आहे" म्हटलं तरी मला ते कमी वाटायचं.

मी कागद उचलला. प्रश्न होता सेक एक्सचं इंटिग्रेशन. पुस्तकातलं उत्तर बारावीच्या पोरांना तोंडपाठ असतं, लॉग ऑफ सेक एक्स अधिक टॅन एक्स. तृप्तीनं ते लिहिलं नव्हतं. तिनं वेगळ्याच वाटेनं जाऊन एक अपूर्णांक काढला होता, वर एक अधिक साइन, खाली एक वजा साइन, त्याचा लॉग, आणि त्याचं अर्धं.

"पाठ का नाही केलंस?" मी तिला विचारलं.

"पाठ आहे मॅडम," ती म्हणाली. "पण ते कुठनं आलं ते कळत नव्हतं. हे मला काढता येतं."

"दोन्हीत तीस अंश घाला," ऐनापुरे सर म्हणाले. "इकडंही शून्य पूर्णांक पाचशे एकोणपन्नास, तिकडंही तेवढंच. मी एसटीत बसून काढलंय."

"आकडे घालून सिद्ध होत नाही काही," मी म्हटलं. आकडे घालून बघणं मला कमीपणाचं वाटायचं. पण कागदावर चार ओळी केल्या आणि कळलं, उत्तर बरोबर होतं. शंभर टक्के.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मगदूम सर आले. परीटघडीचा शर्ट, कपाळाला गंध, तोंडात साखर. "नमस्कार, नमस्कार. काय झालं? अहो सर, कॉम्प्युटरला ना जात, ना नातं. तो कशाला कुणाचं वाईट करेल?"

"त्यानं बरोबर उत्तराला लाल दिवा दाखवलाय."

"वृषाली, घाल गं ते उत्तर. बघू दे त्यांना."

मी माझ्या मशीनवर ते उत्तर टाइप केलं. सगळे माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मशीन जरा वेळ गुरगुरलं आणि दिवा लागला. हिरवा.

काय सांगू मला किती बरं वाटलं ते. माझा प्रोग्राम बरोबर होता! त्या पोरीचं काय होणार हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"बघा," मगदूम सर म्हणाले. "हे उत्तर तर तो बरोबर धरतोय. म्हणजे पोरीनं त्या दिवशी टाइप करताना काहीतरी चुकवलं. एखादा कंस राहिला असेल. होतं हो, परीक्षेचं टेन्शन असतं."

"नाही सर," तृप्ती म्हणाली. "मी हेच टाइप केलं. दोनदा वाचून मग बटण दाबलं."

"मग ते लाल कसं आलं?" मी म्हटलं.

"माहीत नाही. पण मॅडम, इथं खूप वेळ लागला. तिथं पटकन आलं. एक, दोन, तीन, की लाल."

आता हे वाक्य ऐकून मी खाडकन उठून उभं राहायला हवं होतं. त्या पोरीनं रोग सांगितला होता, औषधाचं दुकानही दाखवलं होतं. आणि मी काय म्हणाले?

"जास्त शहाणपणा करू नकोस. दोन वर्षं मी ह्यावर काम केलंय. मशीनला खोटं बोलता येत नाही. माणसांना येतं."

"बाई!" ऐनापुरे सर ओरडले.

"बाई काय बाई? तुम्ही येता, कागद आपटता, माझ्या कामाला चूक म्हणता. सिद्ध झालं ना आता? मग झालं तर!"

तेव्हा तृप्तीचे वडील पुढं आले. मला म्हणाले, "मॅडम, आमाला त्यातलं काय कळत न्हाई. येवढंच सांगा. म्हंजे हिनं तितं दुसरंच कायतरी लिवलं, आन् हितं येऊन हे दाखवतीय?"

तृप्ती माझ्याकडं बघत होती.

"हो," मी म्हटलं.

ते मान हलवून दाराकडं वळले. ऐनापुरे सर मात्र हलेनात. त्यांनी त्याच कागदाच्या कोपऱ्यावर आपला फोन नंबर लिहिला आणि म्हणाले, "राग गेला की विचार करा. मला अजून पटलेलं नाही." त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावरून जाईपर्यंत मी दात खात बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन परीक्षेची मूळ फाइल मागून आणली. मुलांनी जे जे टाइप केलं ते त्यात जसंच्या तसं होतं. आता मला कोणी विचारलं की का आणलीस, तर चांगलं सांगावंसं वाटतं, की मन खात होतं म्हणून. खोटं कशाला बोलू? मला तिची चूक हवी होती. तिचा राहिलेला कंस छापून त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मारायचा होता.

फाइल उघडली. तृप्ती कोष्टी, प्रश्न सतरावा. एक अधिक साइन, एक वजा साइन, लॉग, अर्धं. कंस जिथल्या तिथं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

पुढं निकाल: चूक. त्याच्यापुढं वेळ: तीन सेकंद.

 ते तीन सेकंद कुठून आले हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

अक्षरांच्या गणितात एक मोठी गोम असते. नियम लावत गेलं की शेवटी शून्य मिळेलच असं नसतं. कधी ती अक्षरांची राशी लहान होण्याऐवजी वाढत जाते, कधी प्रोग्राम गोल गोल फिरत बसतो. सगळ्या राशींना लागू पडेल अशी एकच रीत असूच शकत नाही, हे गणितात सिद्ध झालेलं आहे. म्हणून मी प्रोग्रामला तीन उत्तरं द्यायला शिकवलं होतं. बरोबर, चूक, आणि माहीत नाही. परीक्षेला चाळीस मुलं एकाच सर्व्हरवर बसणार म्हणून प्रत्येक उत्तराला तीन सेकंद. तेवढ्यात नाही जमलं, तर पिवळा दिवा आणि "माहीत नाही". ते उत्तर मग माणसानं तपासायचं.

एप्रिलमध्ये ट्रस्टचे सेक्रेटरी प्रोग्राम बघायला आले आणि नेमका तेव्हाच पिवळा दिवा लागला. ते पोट धरून हसले. "कॉम्प्युटरलाच माहीत नाही? अहो मग आमचे मास्तर काय वाईट होते?" ते गेल्यावर मगदूम सर माझ्या टेबलाशी आले. "वृषाली, तो पिवळा काढ."

"सर, तो काढता येणार नाही. ज्याचा निकाल लागला नाही त्याला काय म्हणायचं?"

"बरोबर म्हणालीस तर चुकलेल्या पोरांना फुकट मार्क जातील. चूक म्हण. लाखात एखादं असेल."

मी भांडले. दोन दिवस भांडले, हेही खरं. आणि तिसऱ्या दिवशी मी ती ओळ बदलली. माहीत नाही असेल तर चूक. एवढीच ओळ. मीच टाइप केली, आणि दीड महिन्यात साफ विसरले. माझ्या टेबलावरच्या मशीनला तर तीन सेकंदांची मर्यादाच नव्हती. ते आपलं निवांत सहा-सात सेकंद घेऊन हिरवा दिवा लावून मोकळं झालं होतं.

मी सगळी फाइल चाळली. असे अडकलेले एकूण अकरा निकाल. एकेक हातानं तपासला. दहा खरोखरच चुकलेले होते. अकरावा तृप्तीचा.

मी आतल्या खोलीत गेले आणि कागद मगदूम सरांसमोर ठेवला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते हुशार होते, तेच तर वाईट होतं.

"कुणाला दाखवलंस?"

"अजून नाही."

"मग दाखवू नकोस. यादी लागली आहे, सोमवारी मुलं पैसे भरायला कॉलेजात जाणार. आता हे उघड झालं तर पुढची परीक्षा आपल्याला कोण देईल?"

"सर, त्या मुलीची जागा गेली!"

"एकीची गेली. इथं आपण सहा जण जेवतो."

"मी तिला खोटारडी म्हटलं, सर. तिच्या बापासमोर."

"ते मी म्हणायला सांगितलं नव्हतं," मगदूम सर शांतपणे म्हणाले.

एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. कारण ते बरोबर बोलत होते. ओळ बदलायला त्यांनी सांगितली, पण हे माझं स्वतःचं होतं. मी टेबलावरचा पेपरवेट उचलला. फेकणार होते, देवाशपथ. मग तो तिथंच ठेवला, माझी पर्स घेतली आणि जिना उतरले. त्या ऑफिसात मी परत पाऊल टाकलं नाही. राहिलेला डबासुद्धा आणला नाही.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी आधी उडवून लावलं. मी उठले नाही. म्हटलं, लेखी देते. प्रोग्राम मी लिहिला, चूक मी केली, खाली माझी सही. आणि नाही घेतलंत तर हाच कागद उद्या पेपरात देईन. दुपारपर्यंत फोनाफोनी झाली. बारावा मुलगा काढायचा नाही, तेरावी जागा वाढवायची, असं ठरलं. त्यांनी पत्र टाइप करून दिलं. मुलीनं सोमवारी हजर व्हावं. मी ते घडी न करता फाइलमध्ये ठेवलं आणि कवठे महांकाळची एसटी धरली.

ऐनापुरे सरांना मी सांगलीहूनच फोन केला होता. ते स्टँडवर आले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, तीन सेकंद, पिवळा दिवा, ती ओळ. वाटलं, आता हा माणूस चारचौघांत माझी खरडपट्टी काढणार. त्यांनी काढलीही.

"तुमच्या मशीनला माहीत नाही म्हणायची अक्कल होती," ते म्हणाले. "तुम्ही ती काढून घेतली. आणि वर स्वतःही म्हणाला नाहीत. काय बिघडलं असतं हो? मला आत्ता माहीत नाही, बघून सांगते. एवढंच म्हणायचं होतं."

"हो," मी म्हटलं.

"चला."

तृप्ती घरी होती. दारात बसून ब्लाउजला हुक लावत होती. मला बघितलं आणि ती चटकन उठून उभी राहिली, हात मागं घेतले. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझंच चुकलं, मॅडम. मी कंस विसरले होते. सरांना उगाच त्रास दिला."

मला कळेचना. ऐनापुरे सरही चमकले. "अगं, काय बोलतेस? काल तर तू..."

"नाही सर. चुकलंच होतं."

"काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. "मी फाइल बघितली. तू लिहिलंस ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे. प्रोग्राम चुकला. मी चुकले. हे पत्र घे, तुझी जागा मिळाली आहे."

तिनं पत्र घेतलं. एकदा वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं रडेल, हसेल. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"मग तेव्हा हो का म्हणालात?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मग हो का म्हणालात?" ती ओरडली. शेजारच्या बाया दारात आल्या. "अण्णांनी तुम्हाला विचारलं होतं. मला नाही, तुम्हाला. तुम्ही माझ्याकडं बघून हो म्हणालात!"

 जन्मभर ज्याला त्याला उत्तरं फेकून मारणारी मी, पदराशी चाळा करत उभी राहिले.

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. पत्र तिनं माझ्या हातात परत दिलं. "अण्णांना सांगा. दुकानात जाऊन सांगा. मी नाही येणार."

दुकान बाजारपेठेत, एका पायरीचं. दोन मशिनी, वर ओळीनं टांगलेले शर्ट. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. तृप्तीचे वडील मशीन मारत होते. मला बघून त्यांनी पाय थांबवला आणि उठून नमस्कार केला. तो नमस्कार मला सहन होईना.

"बसा मॅडम. चा सांगू का?"

"नको. मी उभ्यानंच सांगते," मी म्हटलं, आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं. "काल तुम्ही मला विचारलंत, हिनं दुसरंच लिहिलं का. मी हो म्हणाले. ते खोटं होतं. तुमच्या मुलीनं जे सांगितलं तेच लिहिलं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं. ती खरं बोलत होती. तिला जागा मिळाली आहे, हे पत्र."

त्यांनी पत्र हातात घेतलं नाही. त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"खरं बोलत हुती?"

"हो. पहिल्यापासून."

ते मशीनच्या कडेला हात टेकून खाली बसले. शिवणाचा अर्धा शर्ट मांडीवरून घसरला, तो त्यांनी उचलला नाही.

"काल घरी गेल्यावर मी मारलं तिला," ते म्हणाले. "येवढ्या वर्सात कदी बोट लावलं न्हवतं. खोटं बोलली म्हनून मारलं. ती म्हनायची, अण्णा, मी त्येच लिवलं. मी म्हनायचो, खरं बोल. लाकडी पट्टी हाय न्हवं ही कापडाची, हिनं. हातावर. लई वेळ म्हनत हुती, त्येच लिवलं, त्येच लिवलं." ते थांबले. "मग म्हनाली, चुकलं माजं. तवा मी पट्टी ठिवली."

ऐनापुरे सर माझ्या मागं उभे होते.  बाकावरची गिऱ्हाइकं खाली बघत होती. तृप्ती दारात उठून उभी राहिली तेव्हा तिनं हात मागं का घेतले, ते मला आत्ता समजलं.

"तिला सांगितलं का तुमी?" त्यांनी मला विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हनाली?"

"आधी अण्णांना सांगा म्हणाली."

ते उठले. पायात चपला नाहीत, गल्ला उघडा, मशीनमध्ये कापड तसंच अडकलेलं. मला बाजूला सारून पायरी उतरले आणि भर बाजारातून घराकडं पळत सुटले.